खोंडामळीची बोली

13 जानेवारी 2021 रोजी राज्य निवडणूक आयोगाने दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. मतदान दोन दिवसांवर आले होते. राज्यातल्या सुमारे चौदा हजार ग्रामपंचायतींत प्रचाराचा धुरळा उडत होता आणि त्या धुरळ्यात ही बातमी एक-दोन दिवस चमकून विझून गेली. त्यातले एक गाव नाशिक जिल्ह्यातले, देवळा तालुक्यातले उमराणे. दुसरे नंदुरबार तालुक्यातले खोंडामळी. दोन्हीकडे कारण एकच होते. पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्यात बोली 2 कोटी 5 लाखांवर थांबली आणि खोंडामळीत 42 लाखांवर. पैसा कुणाच्या खिशात जाणार नव्हता, देवळाच्या कामाला लागणार होता. लिलावाची चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरली, अहवाल मागवले गेले आणि आयोगाचे तेव्हाचे आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी सगळी प्रक्रियाच रद्द केली. लिलावामुळे इतर इच्छुकांना उभे राहता येत नाही आणि मतदारांना मत देता येत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते.

नोकरीची कितीतरी वर्षे मी बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. त्यातली बरीचशी याच जिल्ह्यात, म्हणजे तो धुळ्यापासून वेगळा व्हायच्या (1 जुलै 1998) आधी आणि नंतरही. त्यामुळे 42 लाख हा आकडा वाचल्यावर मला राग येण्याआधी हिशेब सुचला. सरपंचाला त्या वेळी लोकसंख्येप्रमाणे महिना तीन ते पाच हजार मानधन होते (2024 मध्ये ते दुप्पट झाले). सगळ्यात वरचे पाच हजार धरले तरी वर्षाचे साठ हजार, पाच वर्षांचे तीन लाख. म्हणजे 42 लाख वसूल व्हायला सत्तर वर्षे पाहिजेत. तीच रक्कम मुदत ठेवीत टाकून सहा टक्क्यांनी व्याज घेतले तर एका वर्षात अडीच लाख हातात पडतात. शिवाय त्या खेपेस सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतच मुळी निवडणुकीनंतर निघायची होती. पद कुठल्या प्रवर्गाला जाणार याचा पत्ता नसताना त्याची किंमत ठरत होती! असा प्रकल्प घेऊन कुणी माझ्यापुढे बसला असता, तर चहा पाजून मी त्याला परत पाठवले असते.

अर्थात असे अर्ज कुणी बँकेत आणत नाही. हा पैसा ज्या हिशेबाने घातला जातो तो वेगळा असतो. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. त्याच वर्षी आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना परस्पर देण्याचा निर्णय झाला. हा निर्णय चांगलाच होता, मी त्याच्या बाजूचा आहे. जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवल्यावाचून गावाला आपली गटार बांधता येऊ लागली. पण ज्या दिवशी गावाच्या पासबुकात लाखांचे आकडे दिसू लागले, त्या दिवसापासून त्या पासबुकावर सही कुणाची, याला भाव आला. बोली लावणाऱ्याला केवळ मानाची हौस होती असे धरले तरी हौसेचा भाव 42 लाखांपर्यंत चढतो तो कशाच्या जोरावर, हे विचारावेच लागते. कायद्याने त्या निवडणुकीत सदस्यपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती 25 ते 50 हजारांची.

आता गावाची बाजू. ती ऐकण्यासारखी आहे, आणि शहरातले लोक ती ऐकायच्या आधीच नाक मुरडतात. शहादा तालुक्यातले माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी या विषयावर माझ्याशी तासभर भांडले. ते म्हणाले, "साहेब, इलेक्शन झाली असती तर हाच पैसा दारूत, मटणात आणि जीपच्या डिझेलमध्ये गेला असता. दोन भाऊबंदक्या पेटल्या असत्या. पाच वर्षं एकमेकाच्या बांधावरून कुणी गेलं नसतं. त्यापेक्षा देऊळ झालं असतं, काय बिघडलं?" बिनविरोध निवडणुकीचे कौतुक तर आपण सगळेच करतो. सरकार करते, पुढारी करतात. त्याच 2020 च्या डिसेंबरात पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना 25 लाखांचा निधी जाहीर केला होता. गुरुजींचा सवाल असा की, वरून पैसे देऊन गाव बिनविरोध केले तर तो आदर्श आणि गावातल्याच माणसाने पैसे दिले तर गुन्हा, हा कुठला न्याय?

गुरुजींना मी उत्तर दिले ते सालदाराच्या उदाहरणाने. खानदेशात हे उदाहरण पुरते, जास्त समजवावे लागत नाही. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीवर भिल्ल सालदाराचे साल अखजीला ठरायचे. वर्षाची मजुरी, वर उचल, उचलीवर पुन्हा उचल. जमीन एकेकाळी त्याचीच, कागद सावकाराकडे. 1971-72 मध्ये अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी शहाद्यात हे सगळे उलटेपालटे करायला घेतले आणि पुढे गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्याचा कायदा राज्याला करावा लागला. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे पाहिजे. वर्षाचे 364 दिवस त्या सालदाराला मालकाच्या ओट्यावर चढता येत नव्हते. पाच वर्षांतून एकदा मात्र मालकाचा मुलगा त्याच्या झोपडीशी यायचा, खाटेवर बसायचा, पाणी प्यायचा. का यायचा ते सालदाराला पक्के ठाऊक असे. नाटक होते हे दोघांनाही कळत होते. पण नाटक करायला तरी त्याला यावे लागत होते!

लिलावात ते यावे लागत नाही. देवळाच्या आवारात पंचवीस माणसे बसतात, आकडे बोलले जातात, आणि ज्याच्याकडे बोलायला आकडा नाही तो भिंतीला टेकून उभा राहतो. देऊळ झाले तर तोही नारळ फोडील. पण पाच वर्षांतला त्याचा तो एक दिवस गेला. मतदार पैसे घेऊन मत देतो तेव्हा वाईट होतेच, पण तेव्हाही पडद्यामागे त्याचे बोट त्याचेच असते. नवापूरकडच्या एका खातेदाराने मला पूर्वी सांगितले होते, "पैसा कोना बी राहो, मत मन्हं शे." या जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर तो बढाई मारत नव्हता. माणिकराव गावित इथून सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले. 2014 मध्ये याच मतदारांनी त्यांना घरी बसवून भाजपच्या डॉ. हीना गावित यांना निवडले, 2019 मध्ये पुन्हा त्यांनाच, आणि 2024 मध्ये त्यांचाही पराभव करून काँग्रेसचे गोवाल पाडवी यांना दिल्लीला पाठवले. ज्याची थैली मोठी तोच जिंकतो, असा साधा नियम असता तर हे झाले नसते. गुरुजींना हे पटले नाही. पण त्यांनी विषय बदलला, एवढे खरे.

ते जाताना एक मात्र बोलून गेले, आणि तिथे मी अडलो. "खोंडामळीत निदान समोर बसून बोली झाली. कोण किती देतो ते गावानं पाहिलं. वरच्यांची बोली कुणी पाहिली?"

वरच्यांची बोली म्हणजे निवडणूक रोखे. 2017 च्या वित्त कायद्याने त्यांची वाट मोकळी केली आणि 2 जानेवारी 2018 रोजी योजना जाहीर झाली. मी तेव्हा नोकरीत होतो. हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे, विकायचा अधिकार फक्त स्टेट बँकेला, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही, घेणाऱ्याचे नाही. वटवला गेला नाही तर रक्कम पंतप्रधान मदत निधीत. आम्हा बँकवाल्यांच्या गप्पांत याचे हसू व्हायचे. साध्या पन्नास हजारांच्या ड्राफ्टला आम्ही पॅनकार्ड मागत होतो, म्हातारीच्या पेन्शन खात्याला अंगठ्याचा ठसा दोनदा घेत होतो, आणि इथे कोटीचा कागद निनावी हिंडणार होता! असा कागद बाजारात सोडू नये असे रिझर्व्ह बँकेने सरकारला आधीच कळवले होते. निवडणूक आयोगानेही हरकत घेतली होती. दोघांचेही ऐकले गेले नाही.

आणि तो कागद निनावी तरी कुठे होता? 2018 मध्येच एका पत्रकार महिलेने रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून दाखवले की, अतिनील प्रकाशाखाली त्यावर क्रमांक दिसतो. बँकेत हे असणारच. क्रमांकाशिवाय कुठलेही मूल्यवान कागदपत्र तिजोरीतून बाहेर पडत नाही. म्हणजे मतदाराला नाव कळणार नाही, विरोधी पक्षाला कळणार नाही, पण ज्याच्या ताब्यात सरकार आणि ज्याच्या ताब्यात सरकारी बँक, त्याला हवे तर कळू शकेल. त्यातच 2013 च्या कंपनी कायद्यातली मर्यादा, म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येईल ही अट, 2017 मध्ये काढून टाकली. मग तोट्यातली कंपनीही देणगी देऊ लागली. तोट्यातला कर्जदार देवळाला सोन्याचा कळस चढवू लागला की शाखाधिकाऱ्याने समजावे, पैसा त्याचा नाही.

15 फेब्रुवारी 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. त्यानंतरचा महिना मी एखादी मालिका बघावी तसा बघितला. न्यायालयाने 6 मार्चपर्यंत तपशील द्यायला सांगितले. स्टेट बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. कारण असे की, 22,217 रोखे विकले गेले, खरेदीची नोंद एकीकडे आणि वटवल्याची दुसरीकडे, दोन्ही बंद पाकिटांत मुंबईच्या मुख्य शाखेत. एकूण 44,434 नोंदी जुळवायच्या आहेत. 30 जूनपर्यंत देशातली लोकसभेची निवडणूक आटोपणार होती, हा योगायोग समजा. ज्याने हाताने लेजर लिहिण्याच्या काळात वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवला आहे, रात्री दीड वाजता सात पैशांचा फरक शोधला आहे, त्याला हे वाचून काय वाटले असेल ते मी लिहीत नाही. 11 मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपशील आयोगाकडे पोचले. क्रमांकांसकट सगळी माहिती 21 मार्चला बाहेर आली. साडेतीन महिन्यांचे काम दहा दिवसांत झाले!

त्या यादीत पहिला आला लॉटरीचा धंदा करणारी कंपनी, फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, 966 कोटी. या दुसऱ्या कंपनीला 2023 मध्ये आपल्याकडच्या ठाणे-बोरिवली बोगद्याचे काम मिळाले होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला पुरावा लागतो. मी एवढेच म्हणतो की, काम दिले गेले तेव्हा ठाण्याच्या मतदाराला हे दोन आकडे शेजारी ठेवून बघता येत नव्हते. खोंडामळीच्या मजुराला आपल्या गावची बोली निदान ऐकू आली होती.

सरकारच्या वतीने न्यायालयात एक युक्तिवाद झाला होता तो मला विसरता येत नाही. मत जसे गुप्त, तशी देणगीही गुप्त राहावी, देणाऱ्याला सूडाची भीती नको. बँक अधिकाऱ्यांना निवडणुकीच्या कामाला जुंपतात. अशाच एका कामावर मी धडगावच्या वरच्या एका पाड्यावर होतो. मतदान चालू असताना एक पावरा म्हातारी यंत्रापाशी जायच्या आधी थांबली आणि शिपायाला तिच्या भाषेत काही विचारू लागली. तो हसला, आम्हाला म्हणाला, "विचारते आहे, मी कुठलं बटण दाबलं ते पाटलाला कळेल का?" कळणार नाही, असे त्याने तिला सांगितले. तिने पुन्हा विचारले, यंत्राला? यंत्रालाही नाही. मग ती पुठ्ठ्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गुप्त मतदान हे तिच्यासाठी आहे. पाटलापासून, मुकादमापासून, वनखात्याच्या गार्डापासून तिचा बचाव व्हावा म्हणून. 966 कोटी देऊ शकणाऱ्याने त्याच पुठ्ठ्यामागे लपायला जागा मागावी?

हे दुखणे आजचे नाही. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याला धरून परवानगी दिली, पण देताना बजावले की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळील, संसदेने वेळीच लक्ष घालावे. संसदेने लक्ष घातले ते आपल्या सोयीने. 1960 मध्ये मर्यादा घातली, 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. बंदीच्या काळात पैसा थांबला होता असे कुणी समजू नये. 1981 मध्ये महाराष्ट्राने बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाचे प्रकरण पाहिले. साखर कारखान्यांकडून आणि बिल्डरांकडून आलेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा मेळ न्या. लेंटिन यांच्या न्यायालयात लागला आणि जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्र्यांना जावे लागले. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळत होते. आता खुले मिळते. परवाने दुसऱ्या गोष्टींचे लागतात, एवढाच फरक पडला.

मुंबई-दिल्लीचा हा पैसा आमच्या अक्कलकुव्यापर्यंत कसा येतो, असे कुणी विचारील. येतो, पण उमेदवाराच्या हिशेबात दिसत नाही. गेली काही वर्षे प्रत्येक उमेदवाराला निवडणुकीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे लागते. अशी खाती मी उघडून दिली आहेत. इतकी सोज्वळ खाती बँकेत दुसरी नसतात. चहा, वडापाव, मंडप, खुर्च्या, हार, सगळे जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाप्रमाणे. दहा हजारांवरचा खर्च धनादेशाने. लोकसभेला 95 लाखांची मर्यादा, विधानसभेला 40 लाखांची, आणि हिशेब त्याच्या पुष्कळ आत बसलेला. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मात्र मर्यादाच नाही. शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरते, लेकरे धुळीत धावतात. नेता स्टार प्रचारकांच्या यादीतला असला तर त्या हेलिकॉप्टरचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात येत नाही. वर्तमानपत्रेही यातून सुटलेली नाहीत. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत बातमीच्या रूपात जाहिराती कशा छापल्या गेल्या ते पी. साईनाथ यांनी लिहिले आणि नंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनेही नोंदवले. हे इथेच लिहिलेले बरे.

शिवाय नंदुरबारची एक खास गोष्ट आहे. जिल्ह्यातले विधानसभेचे चारही मतदारसंघ आणि लोकसभेचा एक, सगळे अनुसूचित जमातींसाठी राखीव. उमेदवार आदिवासी असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्यामागे पैसा कुणाचा असावा यावर कायदा काही म्हणत नाही. ठेकेदार, व्यापारी, बडा बागायतदार यांना स्वतः उभे राहता येत नाही, म्हणून ते कुणाला तरी उभे करतात. नोटाबंदीनंतर एकोणिसाव्या दिवशी, 27 नोव्हेंबर 2016 रोजी, राज्यातल्या नगरपालिकांच्या पहिल्या टप्प्याचे मतदान झाले. रोकड आटली म्हणून आता निवडणुका स्वच्छ होतील असे तेव्हा लिहिले गेले. मी काउंटरच्या आत बसून जुन्या नोटा मोजत होतो. कुणाच्या मजुरांच्या खात्यात कुणाचे पैसे भरले जात होते, ते आत बसलेल्याला दिसत होते. पैशाला रस्ता सापडतोच, त्याला फक्त माणसे लागतात, आणि कर्जात बुडालेली माणसे स्वस्त मिळतात.

त्यातला सगळ्यात स्वस्त माणूस सातपुड्यातला ऊसतोड्या. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. 2024 मध्ये दिवाळी 1 नोव्हेंबरला झाली आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला. तेव्हा फडावरच्या माणसाला मतासाठी आणायचे कसे? जीप पाठवून. मतदारांची वाहनाने ने-आण करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(5) प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. जीप तरीही येते, कारण तिच्यावाचून माणूस येऊ शकत नाही; दोन दिवसांची मजुरी बुडवून, पदरचे भाडे खर्चून तो का येईल? तिचे भाडे कुठल्याच खात्यावर पडत नाही. जो जीप पाठवतो तोच मताचा मालक होऊन बसतो, आणि बऱ्याचदा तो उचल देणारा मुकादमच असतो.

निवडणूक आयोग हे काम करू शकतो. मतदान केंद्र क्रमांक एक, मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याने गिळलेले महाराष्ट्रातले पहिले गाव. तिथल्या मूठभर मतदारांसाठी कर्मचारी यंत्र घेऊन बोटीने जातात, आणि त्या बोटीचा खर्च जास्त झाला असे आजवर कुणी म्हटलेले नाही. मग फडावरच्या माणसासाठी एस.टी. का नाही? मुकादमाकडे टोळीची यादी असते, कारखान्याकडे मुकादमांची. दोन दिवसांची भरपगारी सुटी आणि येण्या-जाण्याची सरकारी गाडी, एवढे आयोगाने आणि दोन राज्यांनी मिळून ठरवले तरी निम्म्या जीपगाड्या रिकाम्या राहतील. नवापूर स्टेशनच्या फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. तिथून बारडोली शंभर किलोमीटरही नाही.